तंबू आधी माणसाच्या मापाचा, मग वजनाचा



आज ऊस, खत, हुमणी यातलं काहीच नाही. आज तंबूवर लिहितोय. हसू नका. पोरं ट्रेकिंगला नेतात तो तंबू. गेल्या वर्षी मी एक घेतला, चुकीचा घेतला, आणि त्या चुकीपायी मरता मरता राहिलो. म्हणून लिहितोय.

माझी उंची सहा फूट दोन इंच. शाळेत पोरं मला ताड म्हणायची, गावात आजही काहीजण म्हणतात. बैलगाडी, एसटीची सीट, पाहुण्यांच्या घरची कॉट, सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी मापानं केलेलं असतंय आणि मी त्यात घडी घालून बसतो. पन्नाशी उलटली, सवय झाली. पण घडी घालून झोपायची ही सवयच एक दिवस नडते.

गोष्ट अशी. माझं रान दोन ठिकाणी. एक तुकडा कासारी नदीच्या काठाला, दुसरा पन्हाळ्याच्या अंगाला माळावर. माळावर ठिबक आहे, तिथं काळजी नाही. नदीकाठी अजून पाटपाणी. लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची. मोटर मोबाईलवरून चालू होते हे खरं, पण दारं मोबाईलवरून मोडता येत नाहीत. दर दोन-अडीच तासाला उठून सरी बदलावी लागते, उंदरानं पाट फोडला असला तर खोरं घेऊन बुजवावा लागतोय. घर दीड किलोमीटर लांब. रात्रीतनं चार हेलपाटे मारण्यापेक्षा तिथंच आडवं व्हावं, हे आपण सगळेच करतो.

पूर्वी तिथं खोप होती. २०१९ च्या महापुरात गेली. परत बांधली, २०२१ ला परत गेली. तिसऱ्यांदा बांधायचं मन झालं नाही. काही दिवस ट्रॉलीत झोपलो, काही दिवस बांधावर ताडपत्री टाकून. मग पुतण्या म्हणाला, "तात्या, तंबू घ्या. पाठीवर टाकायचा, दोन्हीकडं चालतोय." गोष्ट पटली. कोल्हापुरात दुकानात गेलो.

दुकानातलं पोरगं म्हणालं, "काका, टू पर्सन हाय. तुम्ही एकटंच, मग काय, आरामात बसतंय." पिशवीवर लिहिलं होतं, लांबी २०५ सेंटीमीटर. मी १८८. मनात वजाबाकी केली, सतरा सेंटीमीटर शिल्लक. उचलून बघितला, हलका वाटला. पैसे दिले आणि आलो. आत झोपून बघायचं काय सुचलं नाही. बूट घेताना आपण दुकानात दोन पावलं चालून बघतो, आणि ज्यात रात्र काढायची ते न बघता उचलतो.

पहिल्याच रात्री कळलं. डोकं मागच्या कापडाला, पाय पुढच्या कापडाला. पहाटे दोन्हीकडचं कापड ओलं, पांघरूण पायाकडं भिजलेलं. चार रात्री गुडघे दुमडून काढल्या. पाचव्या रात्री वैतागून पुढची चेन अर्धी उघडली आणि पाय घोट्यापर्यंत बाहेर काढले. काय सुख वाटलं म्हणून सांगू! त्यानंतर रोज तेच. चेन उघडी, पाय बाहेर.

दसरा होऊन गेलेला. पाऊस उघडलेला, दिवसा ऑक्टोबरची उष्णता, रात्री गार. पहाटे तीनच्या सुमाराला पाणी बदलायला म्हणून बॅटरी लावली. पायापासून हातभर अंतरावर, तंबूखाली अंथरलेल्या ताडपत्रीच्या कडेला मण्यार. काळीशार, अंगावर पांढरे बारीक पट्टे. माझ्या पायाच्या दिशेनंच तोंड. मी पाय आत ओढले, चेन लावली आणि कितीतरी वेळ आत बसून राहिलो. सरी भरून वाहिली, वाहू दे म्हटलं. उजाडल्यावर बाहेर आलो.

ज्यांना मण्यार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाग फणा काढतो, घोणस शिट्टीसारखा आवाज करते. मण्यार काही करत नाही. रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. चावलेलं कित्येकदा कळतसुद्धा नाही. सूज नाही, आग नाही, दाताची खूण धड दिसत नाही. माणूस मुंगी चावली समजून कूस बदलतो. मग पोटात दुखायला लागतंय, पापण्या जड होतात, बोलता येईना होतंय, आणि शेवटी श्वास थांबतो. माझा चुलतभाऊ असाच गेला, खळ्यावर झोपला होता. पोटदुखी म्हणून घरच्यांनी ओवा दिला, मग मांत्रिकाकडं नेला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. एवढं माहीत असून मी महिनाभर पाय बाहेर काढून झोपत होतो. का? तर तंबू पुरत नव्हता म्हणून.

तर माझं मत सरळ आहे. उंच माणसाच्या तंबूची लांबी ही चैनीची बाब नाही. तंबूचा अर्धा उपयोग पावसासाठी, अर्धा चेन बंद करून झोपण्यासाठी. जो तंबू पुरत नाही, त्याची चेन माणूस बंद ठेवत नाही. कितीही ठरवलं तरी ठेवत नाही, रात्री झोपेत पाय आपोआप बाहेर जातात. आणि चेन उघडी असली की त्या तंबूत आणि बांधावरच्या ताडपत्रीत काही फरक राहत नाही.

आता हिशेब. त्या रात्रीनंतर मी घरी सोप्यात घोंगडं टाकलं, उशी घेतली, उताणा झोपलो आणि घरच्यांना म्हटलं खडूनं खूण करा. डोक्याच्या वर एक, पायाच्या बोटांपाशी एक. टेप लावला. उभा असताना १८८ भरणारा माणूस झोपल्यावर २०१ भरला. घरची म्हणाली, "झोपल्यावर वाढता की काय?" वाढत नाही. उभं असताना पाऊल जमिनीला सपाट असतंय, झोपल्यावर पाऊल पुढं पडतं आणि बोटं लांबतात. दोन्ही टोकांना कापडापासून दहा-बारा सेंटीमीटर अंतर सोडायचं धरलं, तर मला २२५ लागतात. मी घेतला होता २०५.

म्हणून साधा हिशेब लक्षात ठेवा. उभ्या उंचीत ३० ते ३५ सेंटीमीटर मिळवा. पावणेसहा फुटाच्या माणसाला, म्हणजे १७५ सेंटीमीटरवाल्याला, बाजारातला २१० चा तंबू बरोबर बसतो, त्यामुळं त्याला या गोष्टीचा पत्ताच नसतो. सहा फुटाच्या वर गेलात की २२० च्या खाली बघूच नका.

दुसरी गोम अशी की पिशवीवर लिहिलेली लांबी ही तळाची असते. आपलं डोकं तळाला नसतं. खाली गादी, त्यावर उशी, म्हणजे डोकं जमिनीपासून वीतभर वर. घुमटासारख्या तंबूचं कापड तळापासूनच आत झुकत येतं. वीतभर उंचीवर टेप धरला तर दोन्ही टोकं मिळून दहा-वीस सेंटीमीटर सहज जातात. माझ्या २०५ चे तिथं १९० सुद्धा भरले नाहीत. ज्याच्या टोकाच्या भिंती उभ्या, त्यात लांबी वाया जात नाही. दुकानात तंबू उभा करायला लावा, टेप वीतभर वर धरून मोजा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

तिसरी गोष्ट आमच्या दहावीच्या भूमितीची. पायथागोरसचा सिद्धांत पाठ केला होता, चाळीस वर्षांत कधी कामाला आला नाही, तो आता आला. २१० लांब आणि १३० रुंद अशा दोन माणसांच्या तंबूत एकट्यानं तिरकं झोपायचं. कर्ण काढा, २४७ येतो. म्हणजे मिळाली की जागा! पण कागदावर. माणूस म्हणजे रेघ नव्हे, डोक्याला आणि पायालाही रुंदी असते, आणि कोपऱ्यात कापड सगळ्यात जास्त खाली उतरलेलं असतं. प्रत्यक्षात दहा-पंधरा सेंटीमीटरचा फायदा होतो. सहा फुटाच्या एकट्या माणसाला हा उपाय चालतो. सहा-दोनला कसाबसा. आणि दोघं झोपणार असाल तर विसरा.

कापड ओलं का होतंय तेही सांगतो, कारण लांबीचा आणि त्याचा संबंध आहे. पहिल्यांदा मला वाटलं गळतंय. गळत नव्हतं. माणूस रात्रभर श्वासातनं पाणी सोडतो. बाहेर गार, आत ऊब, की ते पाणी कापडाच्या आतल्या अंगाला धरतं. पॉलीहाऊसमध्ये पहाटे छतातनं थेंब टपकतात ना, तेच. म्हणून दुहेरी कापडाचा तंबू चांगला. आत जाळी, बाहेर पावसाचं कापड, मध्ये हवा खेळायला जागा. बाहेरचं कापड ओलं झालं तरी अंगाला लागत नाही. पण तंबू आखूड असला की पाय जाळीला रेटून बाहेरच्या कापडाला लागतात, आणि पांघरूण टीपकागदासारखं पाणी ओढतं. म्हणजे आखूड तंबू कितीही चांगल्या कापडाचा घ्या, उंच माणसाला तो ओलाच.

आता वजनाकडं येतो, कारण यावरनं आमच्या घरात भांडण झालं. पुतण्या माझ्यापेक्षाही बोटभर उंच. दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, त्याच वाटेनं. साधारण पन्नास किलोमीटर, मध्ये मुक्काम, आणि पाऊस आपला कोल्हापूरचा. बरेच जण वाटेवरच्या वाडीत कुणाच्या तरी घरात नाहीतर शाळेत झोपतात. याला आणि याच्या दोस्तांना तंबू लावायची हौस.

त्याचं म्हणणं, "तात्या, ट्रेकला ग्रॅम मोजायचा असतोय. मी सव्वा किलोचा घेणार." मी विचारलं, लांबी किती? म्हणाला, "बघितली न्हाई." चिखलात पन्नास किलोमीटर चालायचं तर अर्धा किलोसुद्धा दुसऱ्या दिवशी खांद्याला कळतो, हे मला मान्य. मी पण एका खांद्यावर खोरं आणि एका खांद्यावर तंबू घेऊन बांधानं जातो. वजन कमी हवंच. पण ते कुठनं कमी करायचं याला अक्कल लागते.

वीस सेंटीमीटर लांबी वाढवायला कापड किती लागतंय? आम्ही बसून काढलं. आतलं, बाहेरचं आणि तळाचं धरून सव्वा-दीड चौरस मीटर. हलक्या कापडात हे शंभर-दीडशे ग्रॅम भरतं. गांधी टोपी, डबा, जादा चप्पल, पॉवर बँक यात यापेक्षा जास्त वजन आपण बिनबोभाट नेतो. वजन खरं असतंय दांड्यांत. फायबरचे दांडे स्वस्त पण जड, आणि मोडले की चिरतात. ॲल्युमिनियमचे हलके पण महाग. काही तंबू दांड्याशिवाय येतात, चालायच्या काठ्यांवरच उभे राहतात, वजन तिथं वाचतं. म्हणून दांड्यावर पैसे खर्चा, खुंट्या मोजून न्या, पिशवी हलकी घ्या. लांबी तेवढी कापू नका.

ऐकलं नाही. सव्वा किलोचा, २१० लांबीचा घेऊन गेला. मसाई पठारावर वारा म्हणजे विचारू नका, मोकळं रान, आडोसा नाही. वाऱ्यानं टोकाचं कापड आत दाबलं, आणि याचे पाय रात्रभर त्याला टेकलेले. परत आला तो ताप घेऊनच. आता त्यानं लांब तंबू मागवलाय, २३० चा, ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा, पावणेदोन किलोचा. पैसे दोनदा गेले. माझेही दोनदा गेले, त्यामुळं मी त्याला काही बोललो नाही.

पावसाच्या आकड्याचाही एक घोटाळा सांगतो, आपण शेतकरी असल्यामुळं तो आपलाच जास्त होतो. तंबूवर २००० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. आमच्या एका मित्राला वाटलं, गगनबावड्याला एका वर्षात पाच हजार मिलिमीटर पडतोय, मग हा तंबू जूनमध्येच फुटायचा. तसं नाही. तो आकडा पडलेल्या पावसाचा नव्हे. त्या कापडावर दोन मीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तरी ते झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. वरच्या कापडाला दीड-दोन हजार पुरतात. तळाला जास्त हवा, कारण गुडघा-कोपर टेकलं की तिथं ओल्या जमिनीवर दाब पडतो. आणि तंबूखाली ताडपत्री टाकाल तर ती तंबूच्या आत दुमडा. बाहेर राहिली तर वरचं पाणी गोळा करून तुमच्याच अंथरुणाखाली आणते. माझी बाहेर राहिली होती, मण्यार तिच्याच कडेला बसली होती.

मी स्वतः शेवटी काय केलं? रानातल्या कामाला बाजारातला तंबू परत घेतलाच नाही. ताडपत्री शिवणाऱ्याकडं गेलो, मापं दिली. जत्रेत दुकानदार पाल मारतात तसा आकार. दोन टोकांना दोन काठ्या, मध्ये दोरी, टोकं उभी, त्यामुळं लांबी पूर्ण मिळते. तळ आठ फूट लांब, चार फूट रुंद, सगळीकडनं वीतभर कड उचललेली, टोपल्यासारखी. त्या कडेला मच्छरदाणीची जाळी चहूबाजूंनी शिवलेली, एका टोकाला चेन. वर पावसाची ताडपत्री वेगळी. ताडपत्रीतनं हवा जात नाही म्हणून दोन्ही टोकं वरनं उघडी ठेवली, आत जाळी आहेच. काठ्या रानातच असतात, त्यामुळं उचलायचं वजन अडीच किलोच्या आत. बाजारच्या तंबूपेक्षा स्वस्त पडला, आणि पहिल्यांदा माझ्या मापाची एक वस्तू माझ्या मालकीची झाली. उन्हात टाकून ठेवू नका एवढंच, ताडपत्री उन्हानं कुजते.

डोंगर चढायला हा नेऊ नका, त्याला हलका बाजारचाच बरा. आणि तंबू म्हणजे गवा किंवा डुकरापासून संरक्षण, असंही समजू नका. २०२१ च्या डिसेंबरात गवा कोल्हापूर शहराच्या कडेला आला होता, आपल्याकडं तर तो रोजचा. जिथं जनावरांची वाट आहे तिथं जमिनीवर झोपूच नका, माळा बांधा. तंबू साप, विंचू, डास आणि पाऊस एवढ्यासाठीच. शिरताना बॅटरी मारून आत बघा, चेन शेवटपर्यंत ओढा, बूट आत घ्या. तंबू परवडत नसेल तर मच्छरदाणी घ्या आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा, तेवढ्यानंही खूप फरक पडतो. फडात टोळी आली असेल तर त्यांच्या खोपीत पोरं जमिनीवर झोपतात, त्यांनाही सांगा. जमलं तर एक मच्छरदाणी द्या.

आणि रात्री रानात झोपल्यावर पहाटे विनाकारण पोटात दुखलं, पापण्या मिटायला लागल्या, तर चावल्याची खूण शोधत बसू नका. १०८ लावा, सरकारी दवाखाना गाठा, कोल्हापूर जवळ असेल तर सीपीआर. प्रतिविष तिथंच मिळतं, मांत्रिकाकडं नाही.

काहीजण म्हणतील, तात्याला म्हातारपणी तंबूची हौस आली. हौस नाही बाबांनो. दिवसा दहा तास लाईट द्या म्हणून २०२२ साली कोल्हापुरात शेतकरी धरणं धरून बसले होते, ते काय उगीच नव्हे. दिवसा पुरेशी लाईट सगळ्यांना मिळेल त्या दिवशी हा तंबू मी पुतण्याच्या पोरांना खेळायला देईन. तोवर रात्री रानात झोपायचंच आहे, तर नीट झोपावं, पाय आत घेऊन झोपावं.

तंबू घ्यायला जाल तेव्हा खिशात टेप ठेवा. आधी घरी झोपून स्वतःला मोजा.